पोटदुखीची जोडगोळी



या व्यासपीठावर आजवर काव्य, इतिहास, राज्यघटना अशा भारदस्त विषयांवर बोलले गेले. त्या मालिकेत मी पोटदुखी घेऊन उभा आहे, याचा थोडा संकोच वाटतो. पण संकोच फार काळ टिकत नाही, कारण समोर बसलेल्या मंडळींपैकी ज्याचे पोट कधीच दुखले नाही असा एकही सापडणार नाही. आणि ज्या घरात पोटदुखीच्या गोळ्यांची अर्धी कापलेली पट्टी नाही असे घर महालात, इतवारीत किंवा धरमपेठेत शोधायला निघालो, तर बराच फेरफटका करावा लागेल.

आपल्या आज्या पोट दुखले की ओवा आणि सैंधव हातावर ठेवीत, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावीत, किंवा हिंग्वष्टक चूर्णाचा पहिला घास तुपाबरोबर देत. हिंग्वष्टक म्हणजे आठ द्रव्यांचे मिश्रण. तेव्हा अनेक द्रव्ये एकत्र करून औषध देणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की आजच्या गोळीत काय मिसळले आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. आजीला आठही द्रव्यांची नावे तोंडपाठ होती. तिच्या पदवीधर नातवाला गोळीतल्या दोन द्रव्यांची नावे सांगता येत नाहीत. त्याला फक्त पट्टीचा रंग आठवतो. माझे आजचे सांगणे त्या दोन नावांविषयी आहे.

प्रथम दुखण्याविषयी. पोटदुखी हा एक शब्द झाला, पण त्यात अनेक दुखणी राहतात. आपल्या भाषेने त्यांची वाटणी फार चांगली केली आहे. मुरडा निराळा, कळ निराळी, जळजळ निराळी, ठणका निराळा. मुरडा किंवा कळ ही येते आणि जाते, पुन्हा येते. आतडे, पित्तनलिका, मूत्रनलिका, गर्भाशय हे सारे पोकळ अवयव आहेत. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते स्नायू जोराने आवळले की कळ येते, सैल पडले की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. ठणका मात्र हलत नाही. तो बहुधा सुजेचा असतो. पोटदुखीच्या ज्या मिश्र गोळ्या आपण घेतो त्या मुख्यतः कळेसाठी आहेत, ठणक्यासाठी नाहीत. हा पहिला भेद मनात ठेवावा.

आता गोळी उघडून पाहू. आपल्याकडे फार चालणाऱ्या दोन जोड्या आहेत. एकीत डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड २५० मिलिग्रॅम असते. मेफ्टाल स्पास या नावाने आपण तिला ओळखतो. दुसरीत डायसायक्लोमिन २० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम असते. सायक्लोपाम हे तिचे परिचित नाव. दोन्हींत डायसायक्लोमिन आहे, जोडीदार मात्र निराळा. पुष्कळ लोक एकीने गुण आला नाही म्हणून तासाभराने दुसरी घेतात. आपण औषध बदलले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्यांनी एकच द्रव्य दोनदा घेतलेले असते, तेही दुसऱ्या वेळी दुप्पट.

आणखी एक घोटाळा नावाचा. डायसायक्लोमिन आणि डायक्लोफेनॅक ही दोन नावे कानाला जुळी भावंडे वाटतात. पहिले स्नायू सैल करणारे, दुसरे सूज आणि वेदना कमी करणारे. काउंटरवर 'डायक्लो की काहीतरी द्या' असे सांगणाऱ्या गृहस्थाच्या हाती काय पडेल ते त्या दिवसाच्या नशिबावर अवलंबून आहे.

डायसायक्लोमिनचे काम समजण्यासाठी आपल्या परिचयाची एक वनस्पती घेऊ. महाशिवरात्रीला आपण महादेवाला धोतऱ्याचे फूल वाहतो. धोतऱ्याचे बी कोणी खाल्ले तर काय होते हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, त्वचा तापते पण घाम येत नाही, लघवी तुंबते, माणूस बरळू लागतो. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि त्याची भावंडे असतात. अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा मज्जातंतूंचा जो निरोप्या आहे, त्याचा निरोप ती पोचू देत नाहीत. निरोप पोचला नाही म्हणून आतडे आवळत नाही, लाळ सुटत नाही, घाम येत नाही. डायसायक्लोमिन हे प्रयोगशाळेत तयार झालेले, १९५० च्या सुमारास वापरात आलेले द्रव्य. ते धोतऱ्यातून काढलेले नाही. पण त्याच्या कामाची तऱ्हा त्याच जातीची आहे, पुष्कळ सौम्य. योग्य मात्रेत ते आतड्याचा पीळ सोडविते आणि थोडे तोंड कोरडे करून थांबते. मात्रा वाढली, वय वाढले किंवा ऊन वाढले, की धोतऱ्याचे नाते ते उघड करते.

दुसरा जोडीदार मेफेनॅमिक अ‍ॅसिड. हे १९६० च्या दशकात वापरात आले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. वेदना, सूज आणि मासिक पाळीच्या वेळी गर्भाशयाचे आवळणे यांमागे त्यांचा हात असतो. अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या वर्गातली औषधे ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. मेफेनॅमिक अ‍ॅसिड याच वर्गातले. म्हणून पाळीच्या वेदनेवर ते चांगले लागू पडते. परंतु प्रोस्टाग्लँडिन केवळ खलनायक नाही. जठराच्या अस्तराचे रक्षण तेच करते, आणि शरीरात पाणी कमी पडले असता मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह चालू ठेवण्याचे कामही तेच करते. ते बंद केले म्हणजे वेदना थांबते आणि पहाराही उठतो.

मग अशा दोन द्रव्यांची मोट का बांधावी? त्यात तथ्य आहे. पीळ एकाने सुटावा, वेदना दुसऱ्याने शमावी, असा तो विचार. मिश्रण चांगले केव्हा? प्रत्येक घटकाला स्वतःचे काम असेल, दोन्हींची गरज एकाच वेळी असेल, आणि त्यांचे प्रमाण बहुतेक रोग्यांना चालणारे असेल तेव्हा. क्षयरोगाच्या मिश्र गोळ्या या कसोटीला उतरतात. त्यांमुळे रोगी एखादे औषध सोडून देत नाही आणि जंतूंना शिरजोर होण्याची संधी मिळत नाही. मिश्रणाचे तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. एका घटकाची मात्रा कमी करता येत नाही. अंगावर पुरळ उठले तर दोघांपैकी गुन्हेगार कोण ते कळत नाही. आणि ज्याला एकच घटक हवा होता त्याला दुसऱ्याचे परिणाम उगाच सोसावे लागतात.

आपल्या देशात या मिश्रणांचा सुळसुळाट इतका झाला की सरकारला हात घालावा लागला. बेळगावच्या के. एल. ई. विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू डॉ. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने अशा शेकडो मिश्रणांची छाननी केली. तिच्या अहवालावरून १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण तज्ज्ञ मंडळाकडे फेरतपासणीसाठी पाठविले. त्या तपासणीचे काम मुंबईच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीने केले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. त्यांत मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि पॅरासिटामॉल यांचे एकत्र इंजेक्शनही होते. मी ज्या दोन गोळ्यांविषयी बोलतो आहे त्या बाजारात आहेत, डॉक्टर त्या लिहून देतात, आणि योग्य जागी त्या उपयोगी आहेत. पण ही हकीकत एवढे शिकविते की दुकानात मिळते म्हणून मिश्रण शहाणपणाचेच असते असे नाही. आज कपाटात असलेले औषध उद्या राजपत्रात बंद झालेले असू शकते.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो मुद्दा आपल्या नागपूरचा आहे.

आपल्या उन्हाळ्याची ओळख नागपूरकरांना करून द्यावी लागत नाही. मे २०१३ मध्ये येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०१६ पासून आपल्या महानगरपालिकेने उष्णतेपासून बचावाची स्वतंत्र योजनाच आखली आहे. नवतपात दुपारी रस्ते ओस पडतात, खिशात कांदा घेऊन माणसे बाहेर पडतात, आणि घराघरांत कूलर घरघरत असतो. आता हा कूलर पाहा. पंप पाणी वर चढवितो, ताट्या भिजतात, वारा त्यांतून जातो, पाणी उडून जाते आणि हवा गार होते. आपले शरीर अगदी हेच करते. घाम हे पाणी, त्वचा ही ताटी. बाहेरची हवा अंगाच्या उष्णतेपेक्षा तापलेली असताना शरीराला थंड राहण्याचा हाच एक मार्ग उरतो. पंखा कितीही फिरवा. पंप बंद पडला तर कूलर गरम वाराच फेकील.

डायसायक्लोमिन हा पंप बंद करू शकते. घामाच्या ग्रंथींना सुटणारा निरोप ते अडविते. अतिशय उष्ण हवेत या औषधाने घाम कमी होऊन ताप चढण्याचा आणि उष्माघाताचा धोका असतो, हा इशारा त्या औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेला असतो. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसाने ते वाक्य वाचून पान उलटले तर चालेल. मे महिन्यातल्या नागपूरकराने ते वाक्य दोनदा वाचावे.

याच दिवसांत आपली पोटे बिघडतात, ही दुसरी अडचण. लग्नसराईतले शिळे झालेले श्रीखंड, रस्त्यावरचा बर्फाचा गोळा, टँकरचे पाणी. जुलाब होतात, मुरडा येतो. माणूस आधीच सुकलेला असतो, त्यात जुलाबांनी आणखी सुकतो. अशा वेळी तो ती गोळी घेतो आणि कामावर जातो. पहिला घटक घामाचा पंप बंद करतो. दुसरा घटक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, पाण्याच्या दुष्काळात मूत्रपिंडाला रक्त पोचविणारी वाट अरुंद करतो. हिवाळ्यात जी जोडगोळी निमूट काम करून जाते, ती मे महिन्याच्या दुपारी, सुकलेल्या शरीरात, दोन दारांनी एकदम आत शिरते.

काही वर्षांपूर्वी असाच एक रंगारी माझ्याकडे आणला गेला. तिसऱ्या मजल्याच्या परातीवर उभा राहून तो भिंत रंगवीत होता. पोटात आणि पोटऱ्यांत गोळे येत होते म्हणून सोबत्याने दिलेल्या दोन गोळ्या त्याने सकाळी घेतल्या, दुपारी एक घेतली. त्याला आणले तेव्हा अंग भट्टीसारखे आणि कपडे कोरडे. एवढ्या उन्हात काम केलेल्या माणसाचा सदरा कोरडा, हीच मला भीतीची गोष्ट वाटली. ओल्या चादरी, पंखा, शिरेतून पाणी; तो वाचला. त्याच्या त्रासाचे मूळ मीठ-पाणी घामावाटे जाऊन आलेल्या पेटक्यांत होते. उन्हात राबणाऱ्यांचे पेटके पायांत येतात तसे पोटाच्या स्नायूंतही येतात. त्यांना हवी होती सावली आणि मीठ-साखरेचे पाणी. मिळाली ती घाम थांबविणारी गोळी.

म्हणून माझी विनंती आहे: चैत्र ते ज्येष्ठ या काळात ही गोळी घ्यावीच लागली तर त्या दिवशी उन्हात जाऊ नका, पाणी वाढवा, आणि तोंड कोरडे, अंग गरम, घाम बंद, डोके भ्रमिष्ट अशी लक्षणे दिसली तर पुढची गोळी न घेता रुग्णालय गाठा.

आता एक कबुली देतो. मी वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होतो. वडील पासष्टीचे. एका रात्री त्यांच्या पोटात मुरडा आला. मी मोठ्या ऐटीत माझ्या पिशवीतली गोळी काढून दिली आणि तीन तासांनी दुसरी. मुरडा थांबला. पहाटे आईने मला उठविले. वडील अंथरुणावर तळमळत होते, रात्रभर लघवी झाली नव्हती, ओटीपोट मडक्यासारखे फुगलेले. वडिलांना प्रोस्टेट ग्रंथीचा त्रास होता. रात्री तीन-चार वेळा उठतात हे घरात सर्वांना ठाऊक होते, मलाही. पण ते आणि ही गोळी यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. नळी घालून लघवी काढावी लागली. वडील मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, 'बाळ, पुस्तकात होते ना रे हे?' होते. परीक्षेत मी ते लिहिलेही असते. ज्या गृहस्थांनी आपल्या वडिलांना, शेजाऱ्यांना अशी गोळी प्रेमाने दिली असेल त्यांना मी नावे ठेवीत नाही. मी त्यांच्याच पंक्तीत बसलेलो आहे.

तेव्हा ही गोळी कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये ते नीट ऐका. डायसायक्लोमिनच्या बाजूने: प्रोस्टेट वाढलेले पुरुष, काचबिंदू असलेले, आतड्यात अडथळा असलेले, अंगावर पाजणाऱ्या माता, आणि सहा महिन्यांखालची मुले. बाळ संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडते म्हणून पूर्वी या औषधाचे थेंब सर्रास दिले जात. त्यातून काही बाळांचा श्वास कोंडल्याच्या, झटके आल्याच्या, प्राण गेल्याच्याही नोंदी झाल्या. थोरल्या भावासाठी आणलेली बाटली तान्ह्या बहिणीला देऊ नका. मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या बाजूने: पोटात व्रण किंवा रक्तस्राव झालेले, मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असलेले, अ‍ॅस्पिरिनने दमा उसळणारे, रक्त पातळ करणारे औषध घेणारे, आणि विसाव्या आठवड्यानंतरच्या गरोदर स्त्रिया. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांच्या जोडीला ते आले की मूत्रपिंडावर ताण पडतो. पॅरासिटामॉलच्या बाजूने: यकृत बिघडलेले आणि मद्यपी. मोठ्या माणसाला दिवसाकाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा चार ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या. पण तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि पोटदुखीची गोळी या तिन्हींत ते लपलेले असते, आणि बेरीज कोणी करीत नाही.

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची माहिती 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडली. या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातले पाणी कमी झाले की त्या अधिक अडकतात, आणि असह्य कळा येतात, कधी हाडांत तर कधी पोटात. मुलाच्या पोटात वारंवार कळा येतात, डोळे पिवळसर दिसतात, अंग फिके असते, आणि आईबाप दर वेळी काउंटरवरची गोळी आणतात, असे मी पुष्कळ पाहिले. ही आतड्याची कळ नव्हे, तेव्हा स्नायू सैल करून तिला काय होणार? या रोग्यांची मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात, म्हणून मेफेनॅमिक अ‍ॅसिड त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू झाली आहे. वारंवार पोट दुखणाऱ्या मुलाची ती तपासणी एकदा करून घ्या.

भगिनींशी थोडे मोकळेपणाने बोलतो. पाळीची वेदना ही सोसायचीच असते, असे आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना सांगितले, ते चूक होते. औषध घेण्यात लाज नाही. मेफेनॅमिक अ‍ॅसिड येथे खरोखर उपयोगी आहे. ते पोटात अन्न असताना, पुरेशा पाण्याबरोबर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, पहिले दोन-तीन दिवस घ्यावे. पण महाविद्यालयात, कचेरीत एका मैत्रिणीच्या पर्समधली पट्टी साऱ्या वर्गात फिरते, ती प्रथा बंद झाली पाहिजे. एकीला सोसते ते दुसरीला सोसेलच असे नाही. दर महिन्याला वेदना वाढत असेल, गोळ्यांची संख्या वाढत असेल, तर गर्भाशयात काही दोष आहे का हे पाहावे लागते. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना झाली आणि घेरी आली, तर एक मिनिटही घरी थांबू नये. गर्भ नलिकेत राहून ती फुटल्याचे ते लक्षण असू शकते.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडविषयी एक सूचना काढली. या औषधाने क्वचित एक गंभीर प्रतिक्रिया येते: ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी, आणि यकृतासारख्या आतल्या अवयवांवर परिणाम. ती औषध सुरू केल्यानंतर बहुधा दोन ते आठ आठवड्यांत दिसते. त्यामुळे माणूस पुरळाचा संबंध महिन्यापूर्वीच्या गोळीशी जोडीतच नाही. हा प्रकार विरळा आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पुरळ आणि ताप घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर गेल्या दोन महिन्यांत काय काय घेतले ते सांगा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सामान्य माणसालाही करता येते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा फुकट दूरध्वनी आहे. आपली एक नोंद कोणा अनोळखी माणसाचा जीव वाचवू शकते.

गोळी वेदना शमविते. रोग बरा करतेच असे नाही. हे कोठे महागात पडते ते सांगतो. आंत्रपुच्छाची सूज, म्हणजे अपेंडिक्स, बहुधा बेंबीभोवती मुरड्यासारखी सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरते. ज्या तासांत ती जागा बदलते, नेमक्या त्याच तासांत आपण गोळ्यांनी तिचा आवाज दाबतो. रुग्णालयात तपासून डॉक्टर वेदनाशामक देतात ती गोष्ट निराळी. तेथे पाहणारे डोळे असतात. घरी गोळीच डोळे मिटविते. तेव्हा एका जागी स्थिर झालेली वेदना, पोट फळीसारखे कडक होणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी, काळा किंवा रक्ताचा शौच, शौच आणि वारा दोन्ही बंद होणे, जोराचा ताप, यांपैकी काहीही असेल तर पट्टी डब्यात ठेवा आणि रिक्षा बोलवा. रक्त आणि ताप असलेल्या आमांशात आतडे गप्प करणे धोक्याचे आहे. आतली घाण बाहेर पडू द्यावी लागते. आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या पोटाच्या वरच्या भागात अचानक दडपल्यासारखे होऊन घाम फुटला, तर ते हृदयही असू शकते. 'गॅस झाला' म्हणून त्याला गोळी देऊन झोपवू नका.

शेवटी दुकानासमोरच्या वागणुकीविषयी. ही औषधे कायद्याच्या 'एच' परिशिष्टातली आहेत. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकू नयेत असा नियम आहे. नियम पाळला जात नाही हे आपण सारे जाणतो, आणि मोडण्यात आपलाही हात असतो. निदान एवढे करा. औषध रंगावरून मागू नका. पट्टीवरची घटकांची नावे वाचा. चष्मा नसेल तर दुकानदाराला वाचायला सांगा. कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांवर पुष्कळदा मुदतीची तारीखच उरत नाही. तारखेचा तुकडा मागून घ्या आणि बिल घ्या. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या विषाने १४ रोगी दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने साऱ्या व्यवस्थेचे वाभाडे काढले. तेच विष, डायएथिलीन ग्लायकॉल, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघाले. मूत्रपिंडे बंद पडलेली ती बाळे आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत आली, आणि त्यांतली कित्येक येथेच गेली. तेथला मुख्य दोष भेसळीचा होता. पण त्या औषधात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी होती, आणि चार वर्षांखालील मुलांना ती देऊ नये असे छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघालेला होता. बाटली, बिल आणि वेष्टन जपून ठेवले असेल तर तपास लवकर लागतो, हे त्या दुःखातून शिकावे.

मी मिश्र औषधांच्या विरुद्ध बोललो असे कोणी समजू नये. पोटासाठीचे सर्वांत थोर मिश्र औषध कोणते असे मला विचाराल, तर मी सांगेन, मीठ, साखर आणि पाणी. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत पटकीने माणसे मरत होती, शिरेतून द्यायचे पाणी संपले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांतून वाटले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्या मिश्रणातही प्रत्येक घटकाला काम आहे: ग्लुकोज मिठाला आतड्यातून आत ओढते आणि मीठ पाण्याला. आज ओ. आर. एस. ची पुडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात, ना कमी ना जास्त.

तेव्हा घरी गेल्यावर एकच करा. औषधांचा डबा उघडा. जी पट्टी कशासाठी आणली होती ते आठवत नाही, ती बाजूला काढा. पोटदुखीच्या पट्टीवर चिठ्ठी चिकटवा: आत काय आहे, घरातल्या कोणी घ्यायची नाही, उन्हाळ्यात काय जपायचे. आणि डब्यात सर्वांत वर ओ. आर. एस. च्या दोन पुड्या ठेवा. माझ्या वडिलांच्या डब्यावर अशी चिठ्ठी नव्हती. ती लिहायला मी घरात होतो, पण मला सुचले नाही. आपल्याला आज सुचावे, एवढ्यासाठीच मी आपली ही संध्याकाळ घेतली.